घरगुती इंजिन-सायकल: तापली की बंद, गार झाली की चालू. नक्की काय बघू?

वाळव्याचा_वाघ

राम राम मंडळी,

वडिलांची २८ इंची ॲटलास पडवीत धूळ खात उभी होती. तिच्या त्रिकोणात ऑनलाईन मागवलेलं टू-स्ट्रोक किट बसवलंय. पेटीवर ८० सीसी छापलंय. किटमधली मागची दात्यांची चकती नऊ बोल्टांची, ३६ आऱ्यांच्या चाकासाठी केलेली. आपल्या देशी सायकलला मागं ४० आरे, त्यामुळं बोल्ट आऱ्यांच्या मधे बसेनात. शेवटी इस्लामपुरात लेथवर हबच्या मापाचा दोन तुकड्यांचा गाळा करून घेतला आणि चकती त्यावर आवळली. ते काम झकास झालंय, चेन सरळ पळते.

दुखणं वेगळंच आहे. सकाळी गार असताना थोडं पायडल मारून क्लच सोडला की लगेच चालू. पहिले तीन-चार किलोमीटर गाडी मस्त पळते. मग अर्ध्या रेसला मिसिंग सुरू होतं, ताकद जाते आणि बंद. पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभी केली की परत चालू, काही झालंच नाही अशी. अजून एक, रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली उतरत नाही, थोडा वेळ वरच रेंगाळतं.

प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. पेट्रोल ओतून नवं टाकलं, ऑईल लिटरला ४० मिली. एक गॅरेजवाला म्हणतो कॉईल गेली, दुसरा म्हणतो रिंगा गेल्या, तिसऱ्यानं हात लावायच्या आधी चहावाल्याच्या पोरांना हाक मारून सायकल दाखवली. ऊसतोड सुरू व्हायच्या आत रानात जायला गाडी पायजे. कुणाला अनुभव?

गप्प_बसा

वाचनखूण साठवली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनाबाजार

एवढे कष्ट करण्यापेक्षा एखादी जुनी लूना का नाही घेतलीत? १९७२ साली कायनेटिकने हाच प्रश्न सोडवला आणि तुम्ही तो आता पुन्हा निर्माण केलात. पायडल होतं, इंजिन होतं, कागदपत्रं होती. आमच्याकडे जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी अजूनही तिचे सुटे भाग मिळतात, फक्त कोणता भाग कशाचा हे तुम्हाला आधीपासून माहीत असावं लागतं. विकणारा सांगत नाही.

ऑरेंजसिटी_बाप्पू

बाप्पा, आमच्याकडे मे महिन्यात सायकल तशीच पेटते, इंजिन कायले पायजे!

बाकी मले तर वाटते हे पेट्रोलची वाफ होऊन राहिली. नळीत बुडबुडे दिसते का ते पाय.

प्लगपाना

वाघोबा, कॉईलला पैसे घालू नका अजून. गार झाल्यावर सगळीच इंजिनं शहाणी होतात. बंद पडल्या पडल्या, तिथंच रस्त्याच्या कडेला काय दिसतं ते महत्त्वाचं. प्लगपाना खिशात ठेवून निघा आणि पुढच्या वेळी एवढं बघून या.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण सैल करा आणि लगेच चालू करून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. थोडं थांबलं की हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी चालू होते. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच असतं, म्हणून हे आधी. फुकटात होतं.

तरी नाही झाली तर प्लग काढा. ओला आहे का कोरडा? आतल्या पांढऱ्या मातीच्या टोकाचा रंग काय? मग तोच प्लग टोपीत घालून त्याचा लोखंडी भाग हेडला टेकवा, क्लच सोडा आणि कुणाला तरी सायकल ढकलायला सांगा. ठिणगी दिसते का? दिसली तर निळी का पिवळी? प्लगच्या भोकापासून लांब धरा हं, आतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.

ठिणगी नसेल आणि गार झाल्यावर परत येत असेल तर कॉईल किंवा सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी ती छोटी डबी. ठिणगी आहे पण प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही किंवा हवा जास्त जातेय. ओला आणि काळा असेल तर उलट.

बाप्पू, टाकी वर आणि कार्बोरेटर खाली आहे, पेट्रोल उतारानं येतं. अशा जोडणीत वाफ अडकायचं प्रमाण कमी. नळी हेडला चिकटून गेली असेल तरच.

मला मात्र तुमच्या शेवटच्या वाक्यावर जास्त संशय आहे, "रेस सोडली तरी रेंगाळतं". पण आधी बघून या.

मिशिगनवासी

इकडे या किटचं फार वेड आहे, मी दोन केली आहेत. प्लगपाना यांना +१.

एक भर घालतो. इंजिनातून तीन वायरी येतात, निळी, काळी आणि पांढरी. निळी निळीला, काळी काळीला. पांढरी दिव्यासाठी म्हणून दिलेली असते, पण तिला काही जोडलं की ठिणगीची ताकद कमी होते. दिवा जोडला असेल तर आधी सोडवा, पांढऱ्या वायरीचं टोक टेप लावून मोकळं ठेवा आणि दिव्याला वेगळा सेल वापरा. किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची वायरही काढून बघा. हँडलवरचं ते बटण पाण्यानं आणि थरथरीनं आतल्या आत टेकतं आणि मग माणूस कॉईलला शिव्या देत बसतो.

अवांतर: कॉईल तपासायची असेल तर मल्टिमीटर लागतो, अंदाज नाही.

इलेक्ट्रिक_अण्णा

मला कळत नाही, आजच्या काळात हे सगळं कशाला? २५० वॅटची हब मोटर, ताशी २५ किमीच्या आत, ना लायसन्स ना पासिंग. ना प्लग ना ऑईल. रात्री चार्जिंगला लावा, सकाळी निघा.

वाळव्याचा_वाघ

अण्णा, आमच्याकडं लाईट कधी येते ते मोटार चालू करायला रात्री उठून बघावं लागतं. त्यात सायकल कुठं लावू?

मिशिगनदादा, दिवा जोडलेला नाही. पांढरी मोकळीच आहे. स्विच काढून बघतो.

रानजाई

माझ्याकडे सायकल नाही पण गवत कापायचं ५२ सीसीचं यंत्र आहे, चिपळूणजवळ बागेत वापरते. जात तीच, टू-स्ट्रोक. त्याला डायफ्रामचा (पातळ लवचिक पडद्याचा) कार्बोरेटर आणि दाबायचा रबरी फुगा. पावसाळ्यानंतर पेट्रोल आत तसंच ठेवलं की दिवाळीत फुगा चिकट झालेला आणि नळीला चिरा. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. कोकणात हे फार लवकर होतं. म्हणून मी लागेल तेवढंच मिसळते आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवते.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं पाडलेला असेल तर ई२० वर मिश्रण थोडं लीन जातं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. मोठ्या गाडीतला संगणक ते सावरून घेतो. आपल्या या खेळण्यांत संगणक म्हणजे आपणच.

प्लगपाना

रानजाई ताई, दंडवत. माझं टायपिंग वाचवलंत.

जुनाबाजार

ऑईल ४० मिलीच का पण? नवीन इंजिनाला तिप्पट घाला. धूर आला म्हणजे आत पोचतंय हे कळतं. आमचे एक काका लँब्रेटामध्ये नेहमी डोळ्यांनी ओतायचे आणि ती पिढ्यानपिढ्या चालली.

प्लगपाना

लँब्रेटा तुमच्या काकांना घाबरून चालत असावी. (हलकेच घ्या.)

मालक, हा गैरसमज जुना आहे. या किटला पहिल्या काही टाक्या १६ ला १ म्हणजे लिटरला साधारण ६० मिली, नंतर २५ ला १ म्हणजे ४० मिली. चांगलं ऑईल असेल तर ३२ ला १ सुद्धा चालतं, पण मी घरच्या सायकलीला ४० मिलीच ठेवतो. तिप्पट ऑईल घातलं की दोन गोष्टी होतात. प्लग आणि सायलेन्सरचं तोंड काजळीनं भरतं. आणि जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी, ऑईल जास्त, म्हणजे मिश्रण उलट आणखी लीन होतं. माणूस इंजिन गार राहील म्हणून ऑईल वाढवतो आणि ते जास्त तापतं.

डोळ्यांनी ओतू नका. औषधाच्या दुकानात सुई न लावलेली ५० मिलीची सिरिंज मिळते.

सातपूर_एमआयडीसी

इंजिन चालू होईल हो, थांबणार कसं ते सांगा.

दुखण्यावर सगळे बोलतायत म्हणून मी बाकीचं बघतो. या इंजिनाच्या पोटातले गिअर २० आणि ८२ दात्यांचे, म्हणजे ४.१ पट. बाहेर १० आणि ४४, म्हणजे ४.४ पट. गुणाकार १८. तुमच्या २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. इंजिन ४००० आरपीएमला फिरलं तर चाक मिनिटाला २२२ फेरे आणि गाडी ताशी जवळपास ३० किमी. आणि हे इंजिन ४००० ला थांबत नाही.

ॲटलासचा दांडीचा ब्रेक ताशी १५ च्या हिशोबाचा आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट. त्यात स्टीलची रिम आणि पाऊस. दांडीच्या ब्रेकचे गुटके रिमला आतल्या बाजूनं, खालून वर दाबतात, चाक जरा वाकडं असलं तरी घासतात नाहीतर टेकतच नाहीत. निदान पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब बसवून घ्या. आणि पुढच्या चिमट्याचं वेल्डिंग भिंग घेऊन बघा, जुन्या सायकलीत तडे रंगाखाली लपतात.

दुसरं, चेनचा ताण धरायचा रोलर. किटमधला रोलर फ्रेमच्या नळीवर नुसता आवळलेला असतो. तो सैल होऊन फिरला की चेनसकट आऱ्यांत घुसतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. कंसातून नळीत आरपार एक छोटा बोल्ट टाका किंवा सरळ वेल्ड करा.

मिशिगनवासी

रोलरबद्दल सातपूरकर शंभर टक्के बरोबर. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं मनगट त्यातच गेलं. तो उतारावर होता, चाक अडकलं आणि तो हँडलवरून पुढे. मी आता रोलर लावतच नाही. अर्धी कडी घालून चेन बरोबर लांबीची करतो आणि इंजिन जरा पुढेमागे सरकवून ताण काढतो.

वाळव्याचा_वाघ

बघून आलो. पेठ नाक्याकडून कासेगावच्या अंगाला गेलो, ठरल्यासारखी बंद पडली.

झाकण सैल करून काही फरक नाही. किल स्विच आधीच काढून टाकला होता. प्लग एकदम कोरडा, टोक पांढरंफट्ट, कडेनं बारीक दाणे आल्यासारखे. ठिणगी मस्त निळी, भावानं सायकल ढकलली, मी डोळ्यानं बघितली. हेडवर थुंकी टाकली तर चर्र करून उडाली.

म्हणजे कॉईल नाही ना?

प्लगपाना

कॉईल ठणठणीत. गॅरेजवाल्याला नमस्कार सांगा.

कोरडा पांढरा प्लग, दाणे, मस्त ठिणगी, तापल्यावरच बंद आणि रेस सोडली तरी वर रेंगाळणं. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय, इंजिन कार्बोरेटर सोडून दुसरीकडून हवा ओढतंय. लीन मिश्रण जास्त तापतं, पिस्टन फुगतो, सिलेंडरला घासायला लागतो, ताकद जाते आणि बंद. गार झाला की पिस्टन परत आपल्या मापाला. असंच रेटत राहिलात तर एक दिवस तो चिकटेल आणि गार झाल्यावरही सुटणार नाही. तोवर गाडी चालवू नका.

हवा कुठून शिरते ते बघायला इंजिन चालू करून मंद रेसवर ठेवा. डब्ल्यूडी-४० चा डबा त्याच्या बारीक नळीनं दोन ठिकाणी थोडा थोडा उडवा, एकदा कार्बोरेटर जिथे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या पाइपवर चढतो त्या गळ्याला, एकदा पाइप जिथे सिलेंडरला बोल्टनं बसतो तिथे. जिथे उडवल्यावर आवाज बदलेल, बसेल किंवा चढेल, तिथे गळती. पेट्रोल उडवून बघू नका, आणि पुढच्या बाजूला सायलेन्सरवर काही जाऊ देऊ नका.

हे चालू असताना कार्बोरेटरचा गळा नीट बघा. या किटच्या एनटी जातीच्या कार्बोरेटरच्या गळ्याला क्लिप आवळता यावी म्हणून खाच कापलेली असते. कार्बोरेटर पाइपवर पूर्ण आत चढला नाही तर खाचेचा आतला शेंडा पाइपच्या टोकाच्या पुढे उघडा राहतो. क्लिप कितीही पिळा, त्या एवढ्याशा फटीतून हवा जातच राहते. हाताला लागत नाही, उजेडात तिरकी धरली तरच दिसते.

काटेकोर_काका

चर्चा उत्तम चालली आहे. तांत्रिक बाबीत लुडबुड करत नाही, मात्र दोन दुरुस्त्या आवश्यक वाटतात.

पहिली, हे इंजिन ८० सीसी नाही. या किटचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी असतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले धाव करून पाहावे, ६५.९ सीसी येते. पेटीवर काय छापावे यावर बंधन नसते.

दुसरी, मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८). चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन हे 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळले आहे. ६६ सीसी वगळलेले नाही. म्हणजे नोंदणी, लायसन्स, विमा सर्व लागू. घरी जोडलेल्या गाडीस टाइप अप्रूव्हल (त्या नमुन्याची सरकारी मान्यता) नसल्याने नोंदणी होण्याचा प्रश्नच नाही. इलेक्ट्रिक_अण्णा यांनी सांगितलेली २५० वॅट आणि ताशी २५ किमीची सवलत बॅटरीच्या वाहनांपुरती आहे.

धागाकर्त्यांनी वर कासेगावच्या दिशेने गेल्याचा उल्लेख केला आहे. तो मी वाचलेला नाही असे समजावे.

वाळव्याचा_वाघ

काका, उपकार. गाडी फक्त पाणंदीनं रानात जाणार आहे.

काटेकोर_काका

पाणंद हीसुद्धा सार्वजनिक जागा. कलम २(३४). जिथे जनतेला जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट.

ऑरेंजसिटी_बाप्पू

काका, तुमच्या घराच्या पायऱ्यावर पण कलम लागू होते का जी?

रानजाई

काका, मग फवारणीच्या पाठीवरच्या पंपाचं २६ सीसीवालं इंजिन लावलं तर? मित्राकडे पडून आहे. २५ च्या जवळच आहे की.

काटेकोर_काका

त्या इंजिनांचा बोअर बहुतेक ३४ मिमी आणि स्ट्रोक २८ मिमी असतो. म्हणजे २५.४ सीसी. कायद्यात 'न ओलांडणारे' असा शब्दप्रयोग आहे. ०.४ ने ओलांडते.

होंडाचे फोर-स्ट्रोक जीएक्स२५ पाहावे. ३५ गुणिले २६.

सातपूर_एमआयडीसी

काका, कॅल्क्युलेटरवर मारलं. २५.०१ येतंय.

ऑरेंजसिटी_बाप्पू

खिक्क! आरटीओ व्हर्निअर घेऊन उभा राहते का आता नाक्यावर?

काटेकोर_काका

निर्मात्याने जाहीर केलेले आकारमान ग्राह्य धरले जाते. ते २५.० आहे. आपला मुद्दा मात्र नोंदवून घेतला.

जुनाबाजार

अवांतर चाललंच आहे म्हणून. १९४६ मध्ये हमामात्सूत सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांच्या जनित्रांची उरलेली छोटी इंजिनं घेऊन सायकलींना बसवली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं, तर घरातली गरम पाण्यानं शेक घ्यायची बाटली. तेव्हा तिथे काटेकोर काका असते तर आज होंडा कंपनी नसती.

गप्प_बसा

आणि तेव्हा तिथे जुनाबाजार असते तर त्यांना "लूना का नाही घेतली" म्हणाले असते.

जुनाबाजार

हे मात्र खरं.

इलेक्ट्रिक_अण्णा

माझ्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. पाच वर्षांचा पेट्रोल-ऑईलचा खर्च आणि एक बॅटरी यांची तुलना करा.

सातपूर_एमआयडीसी

अण्णा, हिशोब तुमच्याच बाजूनं येईल, वादच नाही. पण इथे कोणी हिशोब करून आलेलं नाही. ज्याला रविवारी लेथवाल्याच्या दारात उभं राहून काहीतरी खटपट करायला आवडतं, त्याला तुम्ही चार्जर देऊन घरी बसवताय.

अर्थात रोज बारा किलोमीटर कामाला जायचं असेल तर अण्णांचं ऐका. ही किटं भरवशाच्या प्रवासाला नाहीत. थरथरीनं दर थोड्या दिवसांनी काहीतरी सैल होतंच. इंजिनाच्या पकडीचे, सायलेन्सरचे, चकतीचे सगळे नट नायलॉनवाले घाला आणि प्रत्येक फेरीआधी पाना फिरवा.

वाळव्याचा_वाघ

मंडळी, सापडलं!

गळ्याला उडवलं, आवाज बदलला. पाइप आणि सिलेंडरच्या सांध्याला उडवलं, तिथंही थोडा बदलला. दोन्हीकडं गळती. कार्बोरेटर काढला. प्लगपाना सांगतात तस्संच, खाचेचा शेंडा पाइपच्या टोकापुढं भाताच्या शितापेक्षा कमी उघडा होता. खालचं कागदी पॅकिंग काढलं तर त्याच्या एका कोपऱ्यात काळी तेलकट रेघ, बरोब्बर तिथून हवा जात होती. पाइपचं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं तेव्हा कळलं की ते सपाट नव्हतंच, मधे चमक यायची आणि कडा काळ्याच राहायच्या.

आता काय केलं ते सांगतो. तोंड पूर्ण चमकेपर्यंत घासलं. पॅकिंग नवीन, जाड कागदाचं कापून. पाणबुडी मोटार दुरुस्त करणाऱ्याकडून मापाची रबरी रिंग आणून गळ्याच्या आत तळाला बसवली, त्यावर कार्बोरेटर दाबून आवळला. मोटारवाला म्हणाला पेट्रोलला साधी रबर चालणार नाही, त्यानं काळी जरा कडक रिंग दिली. आता रेस सोडली की इंजिन फट्कन खाली येतं.

एक विचारायचं होतं. प्लग अजून थोडा फिकटच आहे, पांढरा नाही पण पाहिजे तसा नाही. ई२० मुळं का?

प्लगपाना

शाब्बास! मोटारवाला हुशार आहे. ती नायट्राईल रिंग असणार, पेट्रोलला टिकते. पण ई२० मध्ये अधूनमधून काढून बघत जा.

फिकट प्लगसाठी सुई वर करा. कार्बोरेटरचा वरचा स्लाइड काढलात की पितळी सुई दिसेल, तिच्या माथ्याला खाचा आणि एका खाचेत चिमटीएवढी क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई तेवढी वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. एकच खाच. मग तीनेक किलोमीटर अर्ध्या रेसवर जा, इंजिन तिथंच बंद करून क्लच दाबा आणि प्लग बघा. दुधाच्या कॉफीचा रंग आला की हात जोडून थांबा.

सुई जास्त वर गेली तर दुसरं दुखणं दिसेल. भरधाव असताना आवाज एकदम बदलतो, एक आड एक फेरीला पेटल्यासारखा, भर्र भर्र. टू-स्ट्रोक अति पेट्रोलनं असं करतं. घाबरू नका, एक खाच परत.

रानजाई

प्लगपाना, माझं यंत्र गार असताना चालू होतं, चोक उघडला की मरतं. चोक अर्धा ठेवला तर चालतं. हेही लीनच ना? माझ्या कार्बोरेटरला सुई नाही, बाजूला दोन स्क्रू आहेत.

प्लगपाना

हो ताई, चोकवरच चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पण स्क्रू फिरवायच्या आधी टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर बघा. नंतर कार्बोरेटरच्या तोंडातली बारीक जाळी. तिथे वार्निशसारखा चिकट थर असतो, मग कितीही स्क्रू फिरवा. जाळी साफ असेल तर डायफ्राम. हातात घेऊन बघा, कडक झाला असेल, वाकवल्यावर कुरकुरला तर बदला. सगळं ठीक निघालं तरच स्क्रू, आणि फिरवायच्या आधी आत किती फेरे होते ते लिहून ठेवा.

वाळव्याचा_वाघ

क्लिप एक खाच खाली केली. प्लगला कॉफीचा रंग आला. काल भर उन्हात पाणंदीनं वरच्या रानात गेलो, तिथं पाणी बघितलं आणि परत आलो, मधे कुठं थांबली नाही. काका, पाणंद म्हणालो, कलम माहीत आहे.

सातपूरकर, पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब बघितलाय, पण पुढं ३२ आरे आणि हब ३६ भोकांचा मिळतोय. रिमही बदलावी लागणार. तोपर्यंत रेसला आडवा बोल्ट टाकून अर्ध्यावर अडवलीय. रोलर वेल्ड केला.

सातपूर_एमआयडीसी

अर्ध्यावर अडवलीत हे बेस्ट. हबवरच्या त्या दोन तुकड्यांच्या गाळ्याचं माप टाका ना इथे, ४० आऱ्यांची अडचण सगळ्यांनाच येते. किती जाडीच्या ॲल्युमिनियममधून केला? दोन तुकडे जोडणारे बोल्ट कितीचे?

वाळव्याचा_वाघ

ॲल्युमिनियम नाही, लेथवाल्याकडं एमएसची (साध्या मऊ पोलादाची) जाड पट्टी पडलेली होती, त्यातूनच. भोक हबच्या बारीक भागापेक्षा केसभर कमी ठेवलंय, म्हणजे आवळल्यावर दोन तुकड्यांत फट राहते आणि पकड बसते. जोडायला ८ चे ॲलन बोल्ट. प्रत्येकाच्या हबचं माप वेगळं येतं, माझं माप घेऊन कापू नका. चित्र काढून उद्या टाकतो.

प्लगपाना

वाघोबा, एक राहिलं. इंजिन एवढं तापून गेलंय, हेडचे चार नट पूर्ण गार झाल्यावर एकदा तपासा. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकदम एकच पिळायचा नाही. हेडच्या सांध्याशी ओला काळा डाग दिसला तर पॅकिंग बदलायचं. आणि दोन टाक्या झाल्या की परत एकदा पाना फिरवा, ॲल्युमिनियम बसतं तसे नट सैल होतात.